डोक्यात बूच ठोकलेला बंब

मी एक जुना सोलर बंब आहे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, खाडीकडे तोंड असलेल्या एका दुमजली घराच्या गच्चीवर मी नऊ वर्षं आडवा पडून आहे. कागदावर माझं नाव सोलर वॉटर हीटर असं आहे, पण या घरात पाणी तापवतो तो बंब, म्हणून मीही बंबच.

मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तिच्यात उकळतं पाणी आहे, कोयता आहे आणि रक्तही आहे. तरी ती ऐका. जे झालं ते टळण्यासारखं होतं, आणि ते टाळायला एक पाना आणि एक सकाळ पुरली असती.

माझा जन्मच मारझोडीत झाला. पत्र्याच्या छपराखाली एक कारखाना होता. तिथे मला चपट्या पत्र्यातून कापून काढलं, रोलरखाली दाबून गोल वळवलं आणि आगीने माझे सांधे जुळवले. मग पोटात पाणी भरून दाब चढवला. ज्या टाकीचा सांधा कच्चा ती तिथेच फुटायची. माझ्या शेजारची फुटली तेव्हा पाण्याचा असा तडाखा बसला की समोरचा कामगार भिंतीवर जाऊन आदळला. त्याला दवाखान्यात नेलं. त्या टाकीवर दोघांनी घण चालवला आणि तिचा चोळामोळा भंगारात फेकला. मी मात्र टिकलो.

शेवटी माझ्या माथ्यावर एक भोक पाडलं आणि त्यावर एक उभी नळी बसवली. या नळीचं काम तुम्ही नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. पाणी तापलं की त्यातून हवा सुटते, वाफ होते. ती वर चढते आणि या नळीतून बाहेर निघून जाते. नळी उघडी असेल तर मी शांत असतो. ती बंद झाली तर हवा आत कोंडते, नळाकडे जाणाऱ्या पाइपात शिरते आणि पाण्याची वाट अडवते. मग पाणी तिला ढकलतं, ती पाण्याला ढकलते, आणि पाइप भिंतीत आपटू लागतात.

मी टेम्पोतून या घरी आलो तेव्हा घरात दोन भाऊ होते. दत्तात्रेय थोरला, विनेश धाकटा. बापाच्या माघारी दोघे एकाच होडीवर मासेमारीला जात. खालच्या मजल्यावर दत्तात्रेय, त्याची बायको सुचिता आणि नुकतीच जन्मलेली केसर. वरच्या मजल्यावर विनेश आणि त्याची बायको हेतल. हेतल अलिबागच्या एका दुकानदाराची मुलगी. मासे कापताना सुरुवातीला तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि सुचिता हसत हसत तिच्या हातातली सुरी काढून घ्यायची.

मला गच्चीवर चढवायला क्रेन नव्हती. दोघा भावांनी होडीचा दोर माझ्या पोटाला बांधला आणि मला भिंतीवरून वर खेचलं. अर्ध्यावर दोर सुटला. दत्तात्रेयाने तो नुसत्या तळहातांनी धरला. त्याच्या हाताची सालटी निघाली, पण त्याने मला सोडलं नाही. विनेश वरून ओरडत होता, "दादा, सोड, मरूदे तो बंब!" आणि दत्तात्रेय दात खाऊन म्हणत होता, "तू वड रं, वड!"

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. समुद्रावरून आलेले दोघे भाऊ अंगावरचं मीठ आणि खवले माझ्या पाण्याने धुवायचे. सुचिता शेजारणींना सांगायची, "लाकूड न्हाय, धूर न्हाय, नळ फिरवला की कढत पानी." माझं कौतुक मी पाइपांतून ऐकत असे. घरभर माझे पाइप होते, त्यामुळे घरातलं बरंचसं मला ऐकू यायचं.

मग जून महिन्यात ते वादळ आलं.

त्या दिवशी सकाळपासूनच खाडीचं पाणी काळं पडलं होतं. दुपारी वाऱ्याने पहिल्यांदा शेजारच्या घराचा पत्रा उचकटला आणि तो माझ्या अंगावरून कोयत्यासारखा फिरत गेला. त्याने माझ्या माथ्यावरची नळी मुळाशी मोडली. मागोमाग नारळाचं झाड गच्चीच्या कठड्यावर कोसळलं. कठडा ढासळला. पाइप भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या तटातट तुटल्या आणि पाइप नुसते लोंबकळत राहिले. किनाऱ्यावर बांधलेल्या होड्या एकमेकींवर चढल्या. या घरच्या होडीची एक बाजू फाटली. ते फाटणं मला एवढ्या लांबून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ गच्चीवर आले. थंड पाण्याची टाकी माझ्याहून उंचावर आहे, त्यामुळे माझ्या मोडक्या नळीतून पाणी एकसारखं वाहत होतं.

"पानी चाललंय रं सगळं," दत्तात्रेय म्हणाला.

"मिस्त्रीला सांगतो दादा."

"मिस्त्री कधी येनार? रस्त्यात झाडं आडवी पडल्यात."

तो खाली गेला आणि होडीच्या सामानातून एक लाकडी बूच घेऊन आला. होडीला भोक पडलं की ते फडक्यात गुंडाळून ठोकतात तसलं. त्याने ते फडक्यात गुंडाळून माझ्या माथ्यातल्या भोकावर ठेवलं आणि हातोड्याचे दहा-बारा घाव घातले. लाकूड माझ्यात रुतलं. पाणी थांबलं.

"आता थेंब पडायचा न्हाय," तो म्हणाला.

"होडी वाटली काय तुला ही?" विनेश हसला. दत्तात्रेयही हसला. उभ्या आयुष्यात पाणी आत येऊ न देणं हेच त्याचं काम होतं. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच त्याला ठाऊक. माझी हवा त्याने बंद केली, पण त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घरचं पाणी वाया जातंय, एवढंच त्याने पाहिलं होतं.

मिस्त्री पुढे कधी आलाच नाही. माझा थेंब पडत नव्हता, म्हणून कुणाला त्याची आठवणही राहिली नाही.

वादळानंतर होडी दुरुस्त झाली, पण विनेश तिच्यावर परत चढला नाही. "समुद्रावर आता मन न्हाय लागत," म्हणाला. पावणेतीन वर्षं त्याने मिळेल ते काम केलं; तोवर माझं पाणी थोडंच लागायचं, म्हणून पाइपही क्वचितच वाजत. मग त्याने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रंगवल्या, नवी न्हाणीघरं काढली आणि पर्यटकांना राहायला द्यायला सुरुवात केली. दत्तात्रेयाला ते फार लागलं. होडीवर त्याला भाऊ हवा होता, आणि भाऊ लोकांच्या चादरी धूत होता.

पर्यटक सकाळी आठला आंघोळी करायचे. दत्तात्रेय रात्रभर समुद्रावर असायचा आणि त्याच वेळी घरी येऊन झोपायचा. त्याच्या उशाशी जी भिंत होती, तिच्यातून माझा मुख्य पाइप खाली जात होता. वर कुणी नळ बंद केला की कोंडलेली हवा धक्का द्यायची आणि सुटलेला पाइप विटांवर आदळायचा. ठण्. ठण् ठण्. ठण्.

पहिल्या दिवशी दत्तात्रेय अंगणात आला आणि वर पाहून ओरडला, "विन्या! ठोकाठोकी दुपारची करता येत न्हाय?"

विनेश जिन्यात आला. "कसली ठोकाठोकी? कोण ठोकतंय?"

"मंग माझ्या उशाशी काय तुजा बाप ठोकतोय?"

"माझा बाप तोच तुझा बाप, दादा. त्याला कशाला मधे आणतोस?"

तिथेच कुणीतरी भिंतीला कान लावला असता तर बरं झालं असतं. कुणी लावला नाही. दत्तात्रेयाने आत जाऊन वल्हं उचललं आणि त्याच्या टोकाने छतावर दणादण मारलं. गिलाव्याचा पोपडा पडला आणि आता सहा वर्षांची झालेली केसर कोपऱ्यात रडू लागली. वरच्यांना आता खरोखरच खालून ठोकल्याचं ऐकू आलं. त्यांनी ते मनात धरलं. दुपारी दत्तात्रेय आंघोळ करून नळ बंद करायचा तेव्हा तोच पाइप वर हेतलच्या खोलीत आपटायचा. तिला वाटायचं, परत वल्हं. मग विनेश फरशीवर पाटा आपटायचा.

असे चौदा महिने गेले. मी सगळं ऐकत होतो. एकदा वरच्या खोलीच्या काचेवर दगड आला आणि आतल्या पाहुणीच्या कपाळाला काच लागली. त्या आठवड्यात वाळत घातलेलं दत्तात्रेयाचं जाळं कुणीतरी तीन ठिकाणी फाडलं. सुचिता आणि हेतल अंगणातल्या नळावर एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात लोळल्या, आणि हेतलच्या कानातलं ओढलं जाऊन कानाची पाळी फाटली. विनेशने दत्तात्रेयाला भर बाजारात थोबाडीत मारली. दत्तात्रेयाने त्याला मासळीच्या ओट्यावर आडवा पाडून लाथांनी तुडवला. सोडवायला चार माणसं लागली.

कधी कधी रागाच्या भरात विनेश गच्चीवर येऊन मलाच लोखंडी गजाने झोडपायचा. "हा खालच्यांच्या पापाने आवाज करतो," असं एकदा तो हेतलला म्हणाला. माझा आवाज माझ्यातूनच येतोय, हे त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण त्याने ते खालच्यांच्या माथी मारलं.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी एकच वाक्य बोललो असतो. माझ्या डोक्यातलं बूच काढा.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. तीन दिवस वर कुणी पाहुणे नव्हते. माझं पाणी कुणी वापरत नव्हतं आणि ऊन मात्र तिन्ही दिवस माझ्यावर तापत होतं. माझ्या पोटात पाणी उकळायच्या बेतात आलं होतं. हवा आणि वाफ वर जायला वाट शोधत होती. वाट नव्हती. ती खालच्या पाइपात उतरून बसली होती.

दुपारी बाराच्या सुमाराला केसर जेटीवरून खेळून आली. तिचे पाय चिखलाने माखले होते. सात वर्षांची पोर. तिने न्हाणीत जाऊन चुकून गरम पाण्याचा नळ सोडला. नळातून नुसती फसफस आली, थेंबही नाही. तिने वाकून नळाच्या तोंडात पाहिलं.

त्याच क्षणी वर विनेशने, हात धुवायला सोडलेल्या गरम नळातून नुसती हवाच येतेय म्हणून, तो बंद केला.

ठण्!

माझ्या पाइपातली हवा एकदम सरकली आणि तिच्यामागून ते पाणी सुटलं. मानेवर, खांद्यावर, उजव्या हातावर. तिची किंकाळी पाइपातून चढत माझ्यापर्यंत आली. ती किंकाळी मी आजही विसरलेलो नाही. भांडण कुणाचंही असो, त्या पोरीला भाजलं ते पाणी माझं होतं.

सुचिता हातातला मासा टाकून धावली. तिने पोरीला उचलून थंड पाण्याच्या पिंपात खांद्यापर्यंत बुडवलं आणि "रिक्षा बोलवा, रिक्षा बोलवा" म्हणून ओरडू लागली. दत्तात्रेय झोपेतून उठला तो "ठण्" ऐकूनच. त्याने पोरीचा खांदा पाहिला. कातडी सुटली होती. त्याने रिक्षा बोलावली नाही. दाराआड शहाळी सोलायचा कोयता टांगलेला होता, तो काढला आणि जिना चढू लागला.

इकडे केसरची किंकाळी ऐकून विनेश गच्चीवर पळत आला होता. खाली गरम पाणी सुटलंय एवढं त्याला कळलं होतं, म्हणून माझा व्हॉल्व्ह बंद करायला तो आला होता. त्याने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि ते फिरवायला लागला. दत्तात्रेय गच्चीत आला तेव्हा त्याला दिसलं ते इतकंच. भावाचा हात, आणि त्या हाताखाली व्हॉल्व्ह.

"सोडलास तू! माझ्या पोरीवर सोडलास!"

"दादा, मी बंद करतोय! ऐक माझं, मी बंद..."

पहिला घाव माझ्यावर बसला. माझ्या वरच्या पत्र्यात बोटभर खोल चीर गेली. विनेश बाजूला झाला म्हणून तो वाचला होता. त्याने जवळ पडलेला पाइपाचा तुकडा उचलला आणि दत्तात्रेयाच्या बरगड्यांवर हाणला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. दत्तात्रेय कठड्यावर आदळला, त्याच्या भुवईतून रक्त आलं, तरी कोयता हातातून सुटला नाही. "कोयता टाक, दादा," विनेश म्हणत होता, आणि म्हणतानाच पाइप पुन्हा उगारत होता. तो दुसऱ्यांदा बसला खांद्यावर. तिसऱ्यांदा उगारला तेव्हा दत्तात्रेयाने कोयता फिरवला. विनेशने तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला.

कोयता मनगटात गेला. रक्त माझ्या पोटाखालच्या, ऊन शोषणाऱ्या काचेच्या नळ्यांवर उडालं आणि तापलेल्या काचेवर तिथल्या तिथे सुकलं.

हेतल मागून आली आणि तिने दत्तात्रेयाचे केस दोन्ही हातांनी धरून त्याला मागे खेचलं. तो तिलाही झटकणार होता. तेवढ्यात अंगणातून सुचिताचा आवाज आला. ती पोरीला ओल्या चादरीत घेऊन उभी होती आणि वर बघत होती.

"पोर तडफडतंय आनि तुमी मानसं मारताय! खाली या कुनीतरी! कुनी बी या!"

दत्तात्रेयाच्या हातातून कोयता गळाला. विनेश भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि आपल्या हाताकडे पाहत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

गावात रुग्णवाहिका एकच होती. केसर आणि विनेश एकाच गाडीतून अलिबागला गेले. पुढे पोलिसांची गाडी आली. दत्तात्रेय तिच्यात चढला.

घरात दोन बायका उरल्या. सुचिता आठ दिवस दवाखान्यात होती, मग केसरला घेऊन आली. पोरीचा हात आणि मान पांढऱ्या पट्ट्यांत होती. हेतल रोज सकाळी विनेशचा डबा घेऊन अलिबागला जायची आणि दुपारी यायची. दोघींची दारं बंद. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

नवव्या दिवशी भर उन्हात, कुणी नळाला हात न लावता, कोंडलेल्या वाफेनेच पाइप वाजला. ठण्. ठण् ठण्.

केसर खालच्या खोलीत दचकून रडायला लागली. सुचिताने कोपऱ्यातलं वल्हं उचललं आणि ती जिना चढू लागली. वरून हेतल हातात बत्ता घेऊन जिना उतरत होती. अर्ध्या जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"पोरीला झोपू द्यायची न्हाय काय?" सुचिता म्हणाली. "आता तरी ठोकनं बंद कर."

"मी?" हेतल म्हणाली. "मी तर तुम्हाला विचारायला येत होते. मी आत्ता दारातून आले, वहिनी. चपलासुद्धा काढल्या नाहीत."

सुचिताने तिच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या. आणि त्या दोघी तशाच उभ्या असताना भिंत पुन्हा वाजली. ठण्.

 मग हेतलने बत्ता पायरीवर ठेवला आणि भिंतीला कान लावला. सुचितानेही लावला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा या घरात कुणीतरी माझं ऐकलं.

"आतून येतंय," हेतल हळूच म्हणाली.

सुचिता पायरीवर बसली. तिने वल्हं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडून इतकंच आलं, "आई गं."

दुसऱ्या दिवशी हेतलने चौलहून मोरूकाकांना बोलावलं. मोरूकाका मूळचे तळा गावचे. साठी उलटलेली. सगळं आयुष्य कारखान्यांतल्या बॉयलरवर काढलेलं, आणि आता मुलीकडे राहून आसपासची नळाची कामं करायचे. त्यांनी पिशवीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक पाइपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून ते तसेच उभे राहिले.

"पाइप सुटलाय भिंतीत," ते म्हणाले, "आनि लाइनीत हवा कोंडल्ये. वर चला."

गच्चीवर येऊन त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मग त्यांना माझ्या माथ्यातलं बूच दिसलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आत्ता काढलं तर माझ्या तोंडाची सालं निघतील. आज ह्याच्यावर ताडपत्री टाका. ऊन लागता कामा नये. थंड पाण्याचा कॉक बंद करा. गरम नळाला कुनी हात लावू नका. मी उद्या सकाळी येतो."

सकाळी ते उजाडताच आले. तोंडावर ओलं फडकं बांधलं, बुचाला पाना लावला आणि पाय माझ्या अंगावर रोवून ओढलं. लाकूड हलेना. चार वर्षं ते माझ्यात फुगून बसलं होतं. त्यांनी छिन्नी लावली, घाव घातले, पुन्हा ओढलं. बूच निघालं तेव्हा माझ्यातून जो हुंकार सुटला, तो ऐकून हेतल दोन पावलं मागे सरली. कोंडलेली हवा कितीतरी वेळ बाहेर पडत होती.

मोरूकाकांनी माझ्या माथ्यावर नवी नळी बसवली आणि ती थंड पाण्याच्या टाकीपेक्षा हातभर उंच नेली, म्हणजे पाणी सांडणार नाही आणि हवा जात राहील. सुटलेल्या पाइपाखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून नव्या पट्ट्यांनी तो भिंतीला घट्ट आवळला. थंड पाण्याचा कॉक पुन्हा उघडला. मग त्यांनी दोघींना बोलावलं.

"आता पाइपातली उरलेली हवा काढायची. बाय, तू वरच्या नळाशी. तू खालच्या. दोन्ही नळ एकदम सोडायचे. एकीने बंद केला की हवा दुसरीकडं पळनार, म्हनून कुनी मधेच बंद करायचा न्हाय. नळापासून लांब उभं ऱ्हायचं. मी गच्चीवर असनार, मला दिसनार न्हाय. काय येतंय ते तुमी एकमेकींना सांगा, मोठ्यानं."

दोघी आपापल्या न्हाणीत गेल्या. नळ सुटले. थोडा वेळ घरात फक्त फसफस होती. मग हेतलने दबकत हाक मारली.

"वहिनी, तुमच्याकडे काय येतंय?"

"नुसती हवा. तुज्याकडं?"

"थुंकतोय. थोडं पाणी, थोडी हवा."

"बंद करू नकोस!"

"नाही करत. तुम्ही पण नका."

"हितं बी आलं! लाल पानी आलं!"

"जाऊ दे वहिनी, गंज आहे. सोडून ठेवा."

माझे पाइप धडधडले, खोकले, हिसका देऊन थांबले आणि पुन्हा खोकले. हळूहळू मधली हवा संपत गेली. शेवटी दोन्ही नळांतून स्वच्छ, सलग धार लागली. मोरूकाका वरून ओरडले, "आता दोघी बंद करा!" दोघींनी बंद केले. सगळे कान देऊन उभे राहिले.

पाइप वाजला नाही.

मोरूकाका बूच हातात घेऊन खाली आले. "हे कुनी मारलं व्हतं? होडीचं दिसतंय."

सुचिताने ते हातात घेतलं. फडक्याचा निळा काठ अजून लाकडाला चिकटलेला होता. तिच्याच जुन्या लुगड्याचा. तिने ओळखलं.

"आमच्याच मानसानं," ती म्हणाली.

एकवीस दिवसांनी दत्तात्रेय जामिनावर सुटून आला. सुचिताने ते बूच उंबऱ्यावर ठेवलं होतं. ती त्याला रागावली नाही, रडली नाही. पाइपांचं सगळं सांगून ती शेवटी म्हणाली, "विनूभावजी त्या दिवशी बंदच करत व्हते." दत्तात्रेय बूच हातात घेऊन संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिला. मग उठून जिना चढला. वर हेतल दारात उभी होती.

"वर यायचं नाही," ती म्हणाली.  "अजून नाही."

तो मान हलवून परत गेला.

मित्रांनो, सगळं पूर्वीसारखं झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. विनेशच्या उजव्या हाताची दोन बोटं मेलेली आहेत. केसरच्या मानेपासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेली आहे आणि ती शाळेत पूर्ण बाह्यांचं झंपर घालते. अलिबागच्या कोर्टात खटला चालू आहे. तारखेला दोघे भाऊ जातात. मागच्या तारखेला स्टँडवर एकच रिक्षा होती म्हणून एकाच रिक्षातून गेले, आणि अलिबागपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

पण एक गोष्ट सांगतो. मोरूकाकांनी जाताना बजावलं होतं की वर्षातून एकदा माझ्या पोटातला गाळ काढायचा आणि माथ्यावरची नळी तपासायची. गेल्या दिवाळीच्या आधी विनेश एकटाच पाना घेऊन गच्चीवर आला. माझ्या तळाचा नट जाम झाला होता. नट फिरवताना दुसऱ्या हाताने पाइप धरावा लागतो, नाहीतर तो पिरगळून तुटतो. विनेशचा उजवा हात धरत नव्हता. त्याने तीनदा प्रयत्न केला, पाना निसटून त्याच्या गुडघ्यावर बसला, आणि तो शिव्या देत खाली बसला.

पान्याचा आवाज ऐकून दत्तात्रेय जिना चढून आला. गच्चीच्या दाराशी थांबला. मागे हेतल होती. या वेळी तिने अडवलं नाही. विनेशने त्याच्याकडे पाहिलं.

"धरतोस की नुसता उभा राहतोस?" तो म्हणाला.

दत्तात्रेय गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हातांनी पाइप धरला. विनेशने डाव्या हाताने पाना फिरवला. माझ्या अंगावरच्या कोयत्याच्या चिरेपासून दोघांची तोंडं वीतभर अंतरावर होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. नट सुटला, माझ्या पोटातला लाल गाळ भसाभस वाहून गेला, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत दोघे तिथेच थांबले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. खाऱ्या हवेने माझा पत्रा खाल्ला आहे, आणि माझ्या जागी नवा बंब यायला फार दिवस लागणार नाहीत. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या माथ्यावरची नळी कधी बंद करू नका. पाइप वाजू लागले तर वर्षानुवर्षं वाजू देऊ नका, जाणत्या माणसाला बोलवा. आणि भिंतीतून कसलाही आवाज आला तर कुणावर हात उचलायच्या आधी त्या भिंतीला कान लावा. तुमच्याबरोबर भिंतीपलीकडच्या माणसालाही लावायला सांगा.